पत्र्याच्या खात्यातली थोरली

डब्यांच्या कारखान्यात पत्र्याचं एक खातं होतं आणि त्या खात्यात एकेचाळीस बायका प्रेसवर झाकणं ठोकायच्या. एका प्रेसचा दणका छातीत बसतो, आणि तिथे प्रेस होते एकेचाळीस. बाहेरचं माणूस पाच मिनिटांत डोकं धरून बाहेर पळायचं. मालक वर्षातून एकदा यायचे ते कानांत कापूस घालून. काचेच्या दारापाशी उभं राहून मान डोलवायचे आणि सटकायचे. बायकांनी एकदा कापूस मागितला, तर फोरमन म्हणाला, कान बंद केलेत तर माझं कसं ऐकणार. जसं काही एरवी त्याचं कुणाला ऐकू जात होतं.

या खात्यातली सगळ्यांत जुनी बाई म्हणजे थोरली. तिची सख्खी बहीण चार प्रेस सोडून पलीकडे, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. खात्यानं ठेवलेली नावं पुढे गल्लीतही रुळली. दोघींचे नवरे गेलेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन दोघी एकत्र राहायच्या आणि भांडायच्या. भांडण तेही बिनआवाजाचं. त्याचं असं की खात्यात घसा फोडून काही उपयोग नाही, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून बोलतात. वीस फुटांवरून एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढतात, फोरमनला तोंडावर हसत नको नको ते बोलतात आणि त्याच्या बापालाही ते कळत नाही. तीच सवय दोघींबरोबर घरी आली. शेजारीण एकदा दारातून डोकावली, तर दोघी बहिणी हातवारे करून तोंडं हलवतायत आणि खोली चिडीचूप. ती बिचारी उसनी वाटी तशीच हातात धरून परत गेली. या घरात सगळ्यांत मोठा अपमान एकच होता, समोरची बोलत असताना तोंड फिरवणं.

थोरलीचे कान कधी गेले हे थोरलीलाही कळलं नाही. दूध उतू जायला लागलं, दारावरची थाप चुकायला लागली, रस्त्यात मागून मोटारवाले शिव्या देऊन जायला लागले. पण माणूस समोर उभं राहून बोललं की सगळं कळायचं. तोंड दिसलं की त्याचा आवाज तिच्या डोक्यात आपसूक उमटायचा. त्यामुळे तिची अगदी प्रामाणिक समजूत अशी की आपल्याला ऐकू येतं, थोडं कमी येतं इतकंच.

मग मालकांनी नवं यंत्र आणलं. ते एकटं एकेचाळीस जणींचं काम करतं आणि पगारवाढ मागत नाही. खातं बंद झालं. कायदा असा होता की कामापायी ज्याचे कान गेले, त्याला कारखान्यानं जन्मभर दरमहा निम्मा पगार द्यायचा. कायदा चांगलाच होता, कायदे चांगलेच असतात. पण कान गेलेत की नाही हे ठरवणार कारखान्याचाच डॉक्टर. शेजारी एक सरकारी कारकून बसणार आणि डोळ्यांसमोर जे घडेल ते लिहून घेणार. खोलीत कान तपासायचं यंत्रही होतं म्हणे, पण ते बिघडलेलं, कपाटावर धूळ खात पडलेलं. म्हणून डॉक्टर तोंडीच प्रश्न विचारायचा.

वयानं मोठी म्हणून पहिली चाचणी थोरलीची. डॉक्टर मोठा भला वाटला. खुर्ची ओढून अगदी समोर बसला, दिवा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवून घेतला आणि विचारू लागला, प्रवास कसा झाला, घरी कोण कोण, गुडघे दुखतात का. आवाज तो हळूहळू खाली खाली नेत होता, हे कारकुनानं सगळं उरकल्यावर, फार नंतर सांगितलं. थोरलीला ते कळायला काही मार्गच नव्हता. एवढा शिकलेला माणूस आपुलकीनं विचारतोय तर नीट उत्तर द्यावं, एवढंच तिच्या मनात. शेवटी डॉक्टरनं अजिबात आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "चहा घेणार का?"

"बिनसाखरेचा," थोरली म्हणाली.

कारकुनानं लिहिलं, उत्तम ऐकू येतं. अर्ज नामंजूर. चहासुद्धा आला नाही.

पुढचे आठ दिवस धाकटी तिला "बिनसाखरेची" म्हणून हाक मारत होती. थोरली स्वतःच चक्रावून गेली होती. घरात दूध उतू जातं तेव्हा कान कुठे जातात आणि डॉक्टरपुढे कुठून परत येतात, हे तिला उमजेना. आपण फुकटचा पैसा लाटायला निघालो होतो की काय, अशीही टोचणी लागली. आता राहिल्या धाकटी आणि बाकीच्या एकोणचाळीस. त्यांच्या चाचण्या सोमवारी होत्या. थोरलीनं फेरतपासणीचा अर्ज टाकला होता. दोघींपैकी एकीलाही काही मिळालं नाही, तर दोन महिन्यांत खोल्या सोडाव्या लागणार होत्या, आणि साठीला टेकलेल्या बाईला दुसरं काम देतंय कोण?

अशात कारखान्याचा कामगार अधिकारी तीन जिने चढून धापा टाकत घरी आला. थोरलीच्या नोकरीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा. शनिवारी शहरातल्या मोठ्या सभागृहात जाहीर चर्चा होती, भांडवलशाही सुधारता येईल का या विषयावर. एका खुर्चीवर मालक, दुसरीवर विद्यापीठातले प्राध्यापक, आणि एका खुर्चीवर कामगार म्हणून थोरली हवी होती. तिनं फक्त बसायचं आणि शेवटी एका कार्डावरच्या चार ओळी वाचायच्या. त्यात लिहिलं होतं की आमच्या कारखान्यात माणसाचं ऐकलं जातं. अधिकारी जाता जाता म्हणाला की शनिवार नीट पार पडला तर फेरतपासणीकडे आपुलकीनं बघू. थोरलीला आपुलकी म्हटल्यावर डॉक्टरच आठवला, पण ती हो म्हणाली. नाही म्हणायची तिची ऐपत नव्हती.

सभागृह गच्च भरलं होतं. पाचशे माणसं, आणि प्रत्येकाचे बूट थोरलीच्या महिन्याच्या भाड्याएवढ्या किमतीचे. व्यासपीठावरच्या माणसांची तोंडं मागच्या रांगेलाही दिसावीत म्हणून ती भल्यामोठ्या पडद्यावर दाखवत होते, आणि बोलणाऱ्यांना आपापलं रूप बघायला मिळावं म्हणून पुढ्यात एक छोटा पडदाही ठेवला होता. थोरलीची त्यानं सोय झाली.

प्राध्यापकांनी सुरुवात केली. हे मालक सकाळी उठून दाढी करेपर्यंत जेवढं कमावतात, तेवढं या बाईंना मिळवायला वर्ष लागतं, असं ते थोरलीकडे बोट दाखवून म्हणाले. मालकाच्या आणि कामगाराच्या कमाईतल्या अंतराला कायद्यानं मर्यादा घाला, नफ्यात वाटा द्या, मोठ्या मिळकतीवर जबर कर बसवा. मुद्दे खरेच होते. थोरलीला त्यातले निम्मे कळले, कारण प्राध्यापक टाळ्या कुठून येतात ते बघायला सारखं तोंड फिरवायचे. बोट त्यांनी पाच वेळा दाखवलं. बाई, तुमचं काय म्हणणं आहे, असं मात्र एकदाही विचारलं नाही. खुर्चीकडे बोट दाखवतात तसं ते दाखवत होते, आणि थोरलीला मालकापेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

मग मालक बोलले. ही दरी मलाही बोचते, म्हणाले. बोचत असेल, पण बसण्यात तर काही अडचण दिसत नव्हती. कायद्यानं मनं बदलत नाहीत, मालकानं माणसाचं ऐकायला शिकलं पाहिजे, ऐकणारी भांडवलशाही हवी, असं छातीवर हात ठेवून म्हणाले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

प्राध्यापक पुन्हा बोलायला उठले आणि पडद्यांवर त्यांचं तोंड आलं. तेवढ्यात अधिकारी मागून वाकून मालकांना चिठ्ठी द्यायला आला. मालकांनी माइक बंद केला, वर तळहात दाबून धरला आणि मान वळवली, ती नेमकी थोरलीच्या बाजूला. दोघांच्या मधे दहा फूट. त्यांना तिची काळजी वाटायचं कारणच नव्हतं. ती तिथे शोभेला ठेवलेली होती.

"सोमवारी चाळीसच्या चाळीस उरकून टाका," मालक म्हणाले. "डॉक्टरला सांगा, तसंच समोर बसून विचारायचं, तोंड दिसेल असं. या बायका ओठ वाचतात आणि त्यांना वाटतं ऐकू येतंय. आपोआप पास होतील."

अधिकाऱ्यानं हळूच थोरलीकडे मान हलवली. हिचं काय करायचं, असं विचारलं असावं.

"हिला देऊन टाका. फोटो छान आलेत."

थोरलीला प्रत्येक शब्द लख्ख कळला. आणि मग तिची नजर माइकवर दाबलेल्या त्या हाताकडे गेली. पाचशे माणसांत कुणी मान वर केली नव्हती. म्हणजे आवाज नव्हताच. म्हणजे डॉक्टरच्या खोलीतही नव्हता. तो चेहऱ्यावर घेतलेला दिवा, ती ओढून घेतलेली खुर्ची, तो चहा. एकतीस वर्षं ज्या खात्यानं कान खाल्ले, त्याच खात्यानं शिकवलेल्या कसबानं तिला फसवलं होतं. आणि तिला स्वतःला माहीत नव्हतं ते या लोकांना नेमकं माहीत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांत जास्त संताप आला तो स्वतःच्या टोचणीचा. आठ दिवस ती स्वतःला लबाड समजत होती.

तिला गप्प बसता आलं असतं. देऊन टाका, असं मालक स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. चार ओळी वाचायच्या, घरी जायचं, जन्मभर निम्मा पगार. धाकटीला तिनं उपाशी ठेवलं नसतंच. बाकीच्या एकोणचाळीस जणी काही तिच्या नात्यातल्या नव्हत्या, उलट बिनसाखरेची म्हणून त्याही फिदीफिदी हसल्याच होत्या. हे सगळं थोरलीच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं याची तिला पुढेही कधी लाज वाटली नाही.

तिची पाळी आली. तिनं कार्ड उलटं ठेवलं आणि माइक जवळ ओढला. तिच्या आवाजाला माप नव्हतं, ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही त्याच्या आवाजाला ते नसतंच. पहिल्या रांगेतली माणसं दचकून मागे सरली.

"मालक आत्ता साहेबांना म्हणाले," थोरलीनं सांगितलं, "की सोमवारी चाळीसच्या चाळीस उरकून टाका. समोर बसून विचारा, तोंड दिसेल असं. या बायका ओठ वाचतात. हिला देऊन टाका, फोटो छान आलेत."

पाचशे माना मालकांकडे वळल्या. अधिकारी दोन पावलं मागे सरकला. पण मालक काही उगीच मालक झाले नव्हते. ते हसले, सावकाश माइक चालू केला आणि पडद्यावर त्यांचं तोंड हातभर मोठं झालं.

"बघा, मी कुजबुजलो आणि बाईंना दहा फुटांवर ऐकू आलं. आणि म्हणे आमचे प्रेस लोकांना बहिरं करतात!"

आधी एक जण हसला, मग सगळे. हायसं वाटून हसावं तसे पोट धरून हसले. बाई काय म्हणाली ते कुणालाच उचलून धरायचं नव्हतं, कारण उचललं असतं तर उठून काहीतरी करावं लागलं असतं. प्राध्यापकसुद्धा हसले. थोरली एकटी पाचशे उघड्या तोंडांकडे बघत बसली.

घरी धाकटी उंबऱ्यातच उभी होती, खबर आधीच पोचली होती. तिनं थोरलीला उभं आडवं घेतलं. हातातोंडाशी आलेलं घालवलंस, एक दिवस तोंडाला कुलूप लावता येत नव्हतं का, आता दोघी मिळून जिन्यात राहू. थोरली चप्पलसुद्धा न काढता ऐकत, म्हणजे बघत राहिली. धाकटी तोंड फिरवणार तेवढ्यात तिनं तिची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"सोमवारी डोळे मिटून बस," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांनाही सांग."

सोमवारी चाळीस बायका एकामागून एक डॉक्टरसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि घट्ट डोळे मिटून घेतले. डॉक्टर कुजबुजला, बोलला, ओरडला. डोळे उघडा, डोळे उघडा असं म्हणत त्यानं टेबल बडवलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. एकीनं मात्र खुर्ची हादरली म्हणून डोळा किलकिला केला आणि भूकंप झाला का असं विचारून पुन्हा मिटला. कारकुनानं डोळ्यांसमोर घडलं ते लिहून घेतलं. मधेच डोळे उघडून उत्तर देऊन बसलेल्या दोघी सोडून अडतीस जणींचे अर्ज मंजूर झाले, त्यांत धाकटी होती.

थोरलीचा फेरतपासणीचा अर्ज त्याच आठवड्यात निकालात निघाला. कारण एका ओळीत होतं. अर्जदारास दहा फुटांवरील कुजबुज ऐकू आल्याचे पाचशे साक्षीदार आहेत.

आता खोल्यांचं भाडं धाकटी भरते आणि दर महिन्याला ते बोलूनही दाखवते. अडतीसपैकी तिघी येऊन भेटून गेल्या. बाकीच्यांना वेळ झाला नाही.

वर्षभरानं तीच चर्चा पुन्हा झाली, या वेळी दोघींनी ती घरच्या टीव्हीवर पाहिली, आवाज बंद ठेवूनच. आम्ही ऐकलं, आमच्या अडतीस भगिनींना आम्ही जन्मभराचा आधार दिला, असं मालक छातीवर हात ठेवून सांगत होते. मग प्राध्यापक बोलायला उठले आणि अधिकारी मालकांच्या कानाशी वाकला. थोरली पुढे सरकून बसली. मालकांनी माइक बंद केला, मान वळवली आणि तोंडावर आडवा हात धरला.

भांडवलशाहीत सुधारणा झाली ती एवढीच. थोरलीनं उठून टीव्ही बंद केला.