बिस्कीटबाईचं वजन

बोरी अरबच्या आमच्या साडूंनी जगातली एकही वस्तू तोलल्याशिवाय खरी मानलेली नाही. माझ्या थोरल्या मेहुणीला पाहायला आले तेव्हा त्यांनी तिला नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, नुसतं एकदा नीट पाहून मान डोलावली. घरचे म्हणतात पसंत पडली. मी म्हणतो, मनातल्या मनात वजन केलं. पस्तीस वर्षं ते कापसाच्या बाजारात मापारी होते. निवृत्त झाले, पण काटा काही सुटला नाही. टरबूज उचललं की सव्वातीन किलो, सिलिंडर हलवलं की चार दिवस पुरते, पाळण्यातलं पोर हातात घेतलं की आधी आकडा आणि मग आशीर्वाद. आणि आकडा चुकायचा नाही हो, हीच तर पंचाईत! मोजताना ते ‘एक’ही म्हणत नाहीत. मापाऱ्यांची जुनी रीतच तशी, पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन. साडू जिना चढतात तेसुद्धा लाभ, दोन, तीन करत.

अशा माणसाच्या पदरात लेकीनं गिनीपिग टाकली. लेक नागपूरला शिकायला होती तेव्हा तिनं ती पाळलेली. रंग भाजक्या बिस्किटाचा, म्हणून नाव बिस्कीट. पुढे हैदराबादला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला जनावर चालेना, तेव्हा बोरी अरबला आणून ठेवली आणि बापाला म्हणाली, मी येईपर्यंत सांभाळा. साडूंनी आधी तोलली, नऊशे साठ ग्रॅम भरली, मग हो म्हणाले. गल्लीत बोभाटा झाला की मापाऱ्यानं घूस पाळली. पहिले आठ दिवस साडूही तिला ‘तो उंदीर’ म्हणायचे. नवव्या दिवसापासून ती बिस्कीटबाई झाली, आणि तिला उंदीर म्हणणाऱ्या शेजाऱ्याशी साडूंनी महिनाभर अबोला धरला.

तिच्यासाठी रोज सकाळी सायकलवर शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं कोवळं गवत आणायला जायचे. ते तरी सरळ आणतील? शेतकऱ्याला गाठून आधी उलटतपासणी: फवारलं का, कधी फवारलं, शेजाऱ्यानं फवारलं असेल तर वारा कुठून होता. एकाला तर बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तो बिचारा म्हणाला, माझ्या पोरीचं लग्न जमवताना एवढी चौकशी केली नाही मी.

यंदाच्या हिवाळ्यात बिस्कीटबाईला सात वर्षं पूर्ण झाली, म्हणजे आपल्या हिशेबानं नव्वदीच. डोळ्यांवर मोतीबिंदूसारखा सारा आला, मागचे पाय ओढू लागली, आणि एक दिवस तिनं कोथिंबिरीकडेही तोंड फिरवलं. साडू तिला टोपलीत घालून दारव्ह्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. गाई-बकऱ्यांत आयुष्य गेलेला तो सज्जन माणूस, त्यानं नागपूरच्या मित्राला फोन करून विचारलं आणि सांगितलं की वय झालंय, खाणं पातळ कालवून नळीनं, म्हणजे बिनसुईच्या सिरिंजनं भरवा, ढोबळी मिरचीचा रस द्या आणि रोज वजन करा. रोज वजन करा! साडूंना जणू पुन्हा नोकरीवर घेतलं. त्याच संध्याकाळी यवतमाळला येऊन मला सोबत घेऊन त्यांनी नवा इलेक्ट्रिक काटा आणला.

मग काय तो थाट! बाईंना टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, नळी ओठांच्या कडेला लावायची, लाभ, दोन, तीन म्हणत वीस नळ्या भरवायच्या आणि तशीच टॉवेलासकट काट्यावर ठेवायची. बाजारात पोत्याच्या वजनापोटी ठरावीक कडता कापतात, तसा हे टॉवेलाचा कडता कापायचे, एकशे दहा ग्रॅम, आणि कडता बिघडू नये म्हणून तो टॉवेल धुऊ द्यायचे नाहीत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायच्या, स्वतःच्या लेकीला या माणसानं कधी घास भरवला नाही.

आठव्या दिवशी मला फोन. “साडभाऊ, चाळीस ग्रॅम वाढली ना बाप्पा! बाई वापस येऊन राह्यली.” दुसऱ्या दिवशी आणखी पंधरा. गल्लीत पेढे वाटले, एकेकाळी अबोला धरलेल्या शेजाऱ्यालाही पेढा दिला. लेक रजा टाकून निघणार होती, तिला यांनीच थांबवलं. आता कायले येतं, बाई सुधरून राह्यली, उन्हाळ्यात आरामात ये, म्हणाले.

रविवारी मी पेढ्यांच्या मोहानं बोरी अरबला गेलो. भरवणं झालं, वजन झालं, आकडा जाहीर झाला, सहाशे ऐंशी. ताईंनी शेवटी न जुमानता टॉवेल धुवायला उचलला आणि सवयीनं पिळला. भरवलेलं सगळं त्यातून मोरीत गळलं. बाई धड गिळतच नव्हती. ती जितकं कमी गिळायची तितकं टॉवेलात दिवसागणिक जास्त साचायचं, आणि काट्यावर वजन वाढायचं. कापसाच्या ढिगात हात खुपसून ओल ओळखणारा हा माणूस, लोक पाणी मारलेला कापूस आणायला टरकायचे याच्यापुढे, आणि मांडीवरची ओल याला इतके दिवस कळली नाही! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कोरड्या फडक्यावर ठेवली तर पाचशे ऐंशी.

साडूंनी बाईंना अलगद टोपलीत ठेवलं. मग त्यांनी स्वतःच लेकीला फोन लावला.

“बेटा, माह्याकडून मापात चूक झाली. तू ये. उन्हाळ्याची वाट नको पाहू.”

लेक दुसऱ्या दिवशी दुपारी आली, चप्पलही न काढता आत गेली. मीही मुक्कामाला थांबलो होतो. तिनं बिस्कीटला मांडीवर घेतलं, मानेखाली बोट फिरवलं, आणि आठवडाभर मुकी असलेली ती म्हातारी बारीक आवाजात कुरकुरली. लेकीचे डोळे भरले. तिनं विचारलं, बाबा, आज किती भरली?

काटा शेजारीच होता. साडूंनी तो बंद केला.

“आता मोजायचं नाई, बेटा. जेवढी हाये तेवढी आपली हाये.”

ताईंनी चहा ठेवला. साडू लेकीला खेटून जमिनीवर बसले, आणि दोघं आळीपाळीनं त्या म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.