एका पोटात नाही

सुभद्राबाई कणकवलीहून लग्न होऊन लालबागला आल्या. नवरा गेल्यावर गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागल्या. घरात येईल ते सगळ्यांना सारखं वाटायचं, हा त्यांचा नेम. नैवेद्याचा एकच मोदक असला तरी त्याचे तुकडे व्हायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात दगडफेक झाली आणि मुलगा रामदास वॉरंट चुकवून शीव कोळीवाड्यात मावशीकडे लपला. इकडे सून शैलाला हिवताप, त्यात पोटुशी. तिकडून निरोप आला, रामदासही थंडीनं कुडकुडतोय. डॉक्टर गणपुल्यांनी शैलाला दिलेल्या कडू गोळ्यांतल्या निम्म्या सुभद्राबाईंनी भाताच्या डब्यातून कोळीवाड्याला पोचवल्या. दोघांचा ताप उतरला, आणि थोड्याच दिवसांत दोघांचाही परतला.

आता शैला दवाखान्यात दातावर दात आपटत पडली होती. बाहेरच्या बाकावर खोकल्याचं औषध न्यायला आलेला हवालदार बसलेला.

"सगळ्या गोळ्या पोटात गेल्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेल्यो." देवाधर्माच्या बाईला खोटं बोलवत नसे, हे खोटं नव्हतंच.

"मग जंतू औषधाला दाद देत नाही म्हणायचं. मलायात असं झाल्याचं वाचलं होतं. आता क्विनीनची सुई. पण बाळावर बेतू शकतं, आधीच सांगतो."

सुभद्राबाईंनी शैलाचं पांघरूण सारखं केलं. "माका कसो नाय ओ येणा ताप?" काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"लहानपणापासून गावचा ताप काढलात, अजून दर मे महिन्यात तिकडे जाता. तुमचं रक्त त्याच्याशी झुंजायला शिकलंय. ही गिरगावात वाढलेली पोर."

कंपाउंडरनं सुई उकळत ठेवली. शैलानं पोटावर हात धरला. बाहेर हवालदार खोकला.

रवळनाथा, तूच बघ आता. सुभद्राबाई डॉक्टरांच्या कानाशी वाकल्या. "गेल्यो, पण एका पोटात नाय. अर्ध्यो रामदासाक."

डॉक्टरांनी लगेच मान वळवली. "सुई राहू दे रे," त्यांनी कंपाउंडरला सांगितलं. मग दबक्या आवाजात, "अहो, वाटून खायला हा काय शिरा आहे? अर्ध्या औषधानं जंतू मरत नाही, शहाणा होतो! अजून याच गोळ्या चालतील; हिनं सगळ्या घ्यायच्या, बरं वाटलं तरी. त्याला मी स्वतः येऊन बघतो."

पहिल्या गोळ्या शैलानं तिथंच गिळल्या.

बाहेर पडताना हवालदारानं हटकलं, "काय आजी, रामदास दिसत नाही हल्ली?"

"आजारी आसा," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि त्यानं पुढचं विचारायच्या आत सुनेचा हात धरून पायऱ्या उतरल्या.