तात्यांच्या गाडीचा तळ

तात्यांच्या गाडीत मांडी घालूनच बसावं लागे. मुलगी बघायला पिंपळवंडीला निघालो तेव्हा ते मला आळेफाट्यावर घ्यायला आले होते. पांढरी अँबॅसिडर, धुऊन पुसून लखलखीत. मी आत शिरलो तर म्हणाले, "पावणं, पाय वर घ्या. निवांत बसा." काय हे अगत्य, असं मनाशी म्हणत मी घरापर्यंत कीर्तनाला बसल्यासारखा बसून राहिलो. लग्न झाल्यावर सुनंदानं खरं कारण सांगितलं. "खालचा पत्रा कुजलाय. पाय ठेवला तर रस्त्याला लागेल."

तात्या म्हणजे माझे सासरे. टोमॅटोचे बागायतदार, अंगानं आडवे, आणि एका तत्त्वाचे पक्के: "झाकलंय न्हवं? मग झालं." भिंतीला ओल आली की तिथे कॅलेंडर लागे. गाडीलाही तोच न्याय. दर पावसाळ्यात पुढच्या काचेच्या रबरातून पाणी आत झिरपे, पायाखाली मुरे, आणि तात्या वर आणखी एक थर अंथरत. गोणपाट, त्यावर काथ्याची चटई, त्यावर लिनोलियम, त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर रबरी मॅट. काही वर्षांनी माझं डोकं छताला लागायला लागलं.

आमच्या रेवाचं लग्न मंचरला ठरलं आणि तात्यांनी जाहीर केलं, "नात माझ्याच गाडीतनं मांडवात जाणार. गाडीला नवा रंग मारायचा." मी त्यांना नारायणगावला रामदास मिस्त्रीकडे नेलं. पत्र्याच्या कामात हा माणूस नावाजलेला, बोलायला मात्र चिक्कू. त्यानं दार उघडलं आणि एकेक थर उपसायला लागला. फ्लेक्सवरचा हसरा चेहरा वर आला तेव्हा त्यानं भुवया उंचावल्या.

"माजी सरपंच," तात्या म्हणाले. "पडलं बिचारं."

शेवटच्या गोणपाटाबरोबर घमेलंभर तांबडा चुरा निघाला. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर पत्र्याला टेकवला. नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"आदी तळ. रंग मागनं," मिस्त्री म्हणाला.

"वरवरचा गंज हाय त्यो!" तात्या उसळले. "आत लोखंड हाय, लोखंड!" आणि ते सिद्ध करायला त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसून उजवा पाय दाणकन आपटला.

पाय थेट जमिनीला टेकला. वर ओढावा तर पत्र्याच्या दातेरी कडांनी धोतर पकडून ठेवलेलं. मिस्त्री पत्रा कापायची कात्री घेऊन गाडीखाली सरकला.

"रामदास, बेतानं! पत्रा तुझा, पाय माझा हाय!"

"हलू नका. दोनीतलं जास्त जुनं कंचं, तेच कळंना झालंय."

सुटका झाल्यावर तात्या एका पालथ्या क्रेटवर बसले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, मला ठावं व्हतं सगळं. पर उघडलं असतं तर तुमी म्हनला असता, भंगारात द्या. म्हून उघडलंच न्हाई."

"भंगारात द्या म्हनतंय कोन?" गाडीखालून आवाज आला. "आदी दारांच्या मधी आडव्या पट्ट्या मारतो, न्हायतर तळ काढल्याव गाडी दुमडंल. मग चांगलं लोखंड लागंस्तवर कापत जायचं. तितनं फुडं नवा पत्रा."

तात्यांनी जाऊन त्याचा हात धरला. किती तरी वेळ सोडीचनात. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "हात सोडा, तात्या. कामाला लागायचंय."

तळातच महिना गेला. रंगाला सवड उरली नाही. गाडी घरी आली ती जागोजागी खरवडलेली, कुठे पांढरी, कुठे तांबडी, पण तात्या येईल त्याला दार उघडून सांगत, "रंग काय, वरवरचा! खाली बघा, खाली!" आता मॅट घालायची नाही आणि पायताण घालून कुणी आत यायचं नाही, असा नियम झाला.

लग्नाच्या सकाळी आम्ही सात जण गाडीत दाटीवाटीनं बसलो. कळंब ओलांडल्यावर सुनंदा ओरडली, "तात्या, सगळ्यांच्या चपला अंगणातच राहिल्या!"

"राहू दे. मुहूर्त थांबत न्हाई."

मंगल कार्यालयासमोर नवरीसकट आम्ही सातही जण अनवाणी उतरलो. व्याही आमच्या पायांकडे बघतच राहिले. "पायात काही नाही?" त्यांनी दबकत विचारलं.

तात्यांची पापणीही लवली नाही. "आमच्यात रीतच हाय. मांडवात अनवानी यायचं."

व्याही भला माणूस. त्यांनी लगेच वाकून आपल्या नव्याकोऱ्या मोजड्या काढल्या. मग त्यांच्या भावांनी, मग मामांनी. शेवटी बँडवाल्यांनीही काढल्या.

पुढच्या दिवाळीनंतर तात्या गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत गाडी तेच चालवत होते. गेल्या मे महिन्यात रेवाच्या दिराचं लग्न झालं. भर दुपार, रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि व्याह्यांचं सगळं गणगोत टुणटुण उड्या मारत अनवाणी मांडवाकडे निघालेलं. नवरीकडच्यांनी घाबरून कारण विचारलं. व्याही एका पायावर उभे राहून म्हणाले, "पिंपळवंडीच्या तात्यांनी घालून दिलेली रीत आहे. मोडायची नाही."

मी मुकाट्यानं खाली वाकलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.