पुठ्ठ्याखालचं तेल

आमचं किराणा दुकान घोडेगावात, अगदी रस्त्याला लागून. आमचं म्हणजे मालकांचं, मी मॅनेजर. मालक नगरला राहतात, महिन्यातून एकदोनदा येतात आणि मधल्या काळात दुकानात जे चुकतं ते माझ्या नावावर जमा होतं. जे बरोबर होतं तेही मी स्वतःच्याच नावावर सांगतो, पण तसा प्रसंग क्वचित येतो.

शनिवार हा आमचा धंद्याचा दिवस. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या दारात थांबतात. शनिवारी घरासाठी कोणी तेल घेत नाही, ते अशुभ. पण देवाला वाहायला सगळ्यांनाच हवं असतं. म्हणून मी एक शक्कल काढली होती. डबा गिऱ्हाइकासमोरच फोडायचा आणि लहान बाटल्या तिथेच भरायच्या. लोकांना ताजं वाटतं. तेलात ताजं काय आणि शिळं काय, हे मला अजून सांगता येणार नाही, पण बाटल्या खपत होत्या.

त्या शनिवारी मी एका हाताने डबा कलता धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर मालकांना सांगत होतो की इकडे सगळं व्यवस्थित आहे. सांगून होईतो नरसाळं कलंडलं होतं आणि तेल फरशीवर पसरत होतं.

आता तेल सांडणं आधीच वाईट, त्यात शनिवार, त्यात समोर शनीच्या दर्शनाला निघालेली रांग. यातलं एक जरी गिऱ्हाईक चुकचुकलं तर सगळी रांग पुढच्या दुकानात जाईल, असं मला वाटलं. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडला, तेलावर अंथरला आणि त्यावर उभा राहून मी थोडा वेळ हसतमुख चेहऱ्याने हिशेब सांगत राहिलो. गर्दी ओसरली की भुसा टाकून पुसू, असं ठरवलं, गल्ल्यावर जाऊन बसलो आणि विसरलो.

पॅकिंगला आमच्याकडे एक ताई होत्या. पन्नाशीच्या, जवळच्या वस्तीवरून चालत येणाऱ्या. माझ्याहून लहान, तरी मी ताई म्हणायचो. त्या मला सायेब म्हणत. मागच्या खोलीतून त्या शेंगदाण्यांचं घमेलं पोटाशी धरून आल्या. घमेल्यामुळे त्यांना स्वतःचे पाय दिसत नव्हते. पाय पुठ्ठ्यावर पडला आणि पुठ्ठा त्यांना घेऊन निघाला.

शेंगदाणे दुकानभर झाले. त्या उजव्या हातावर पडल्या. मी गल्ल्यावरून उडी मारून धावलो. ही गोष्ट मी इथपर्यंत सांगितली की ऐकणाऱ्याला मी भला माणूस वाटतो, म्हणून मुरलेल्या पुढाऱ्यासारखा मी इथेच थांबत असे. पण त्यांच्यापाशी पोचल्यावर मी पहिल्यांदा पुठ्ठा पायाने मांडणीखाली सारला. हात त्यानंतर पुढे केला. फरशीवर जो ओशटपणा उरला होता, त्यावर शेंगदाणे पडलेच होते. वर भुसा मी टाकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "कशा पडलात?"

त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "शनिवारचा उपास असतो त्यांचा. चक्कर आली."

ताई कण्हत म्हणाल्या, "तसंच असंल. पायाखालची भुईच निघून गेली बगा."

डॉक्टरांनी चक्कर लिहिली. भुई का निघून गेली ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

संध्याकाळी एसटीने भिंगारला घरी आलो. बायकोने दारातली माझी चप्पल उचलली. "अहो, तेलात पाय घालून आलात का?" मी तिला सहसा सगळं सांगत नाही, पण चप्पल तिच्या हातात होती. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तेल सांडलं तुम्ही, पडल्या त्या, आणि नाव शनीचं. त्याला तरी विचारलंत का?"

नाव शनीचंच झालं होतं. वस्तीवर सगळ्यांनी ठरवलं की ताईंची साडेसाती चालू आहे, आणि ताईंना ते पटलं. हात गळ्यात बांधून त्या दर शनिवारी तेल वाहायला जाऊ लागल्या. तेल घ्यायला यायच्या माझ्याकडे. पदराची गाठ डाव्या हातात धरून दाताने सोडवायच्या. पहिल्यांदा मी म्हणालो, "ताई, राहू द्या पैसे." तर म्हणाल्या, "न्हाई सायेब, देवाचं फुकाट न्हाई न्यायचं." मग मी बाटली काठोकाठ भरून देऊ लागलो. माझं प्रायश्चित्त एवढंच, तेही मालकांच्या तेलातून.

हाड वाकडं जुळलं. त्यांना पिशवीला गाठ मारता येईना, घरी भाकरी थापता येईना. डॉक्टर म्हणाले, हात उघडून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागेल, आणि लवकर. त्याचा खर्च त्यांच्या आवाक्यातला नव्हता. मालकांनी कामगारांचा विमा उतरवलेला होता. त्याचा माणूस चौकशीला येणार म्हणून मालकांचा फोन आला.

"चक्कर आली होती ना?" त्यांनी विचारलं. "मग तो घरचा आजार झाला. कामावरचा अपघात नाही. भरपाई बसायची नाही त्यात. तुम्ही आहे ते सांगा."

आहे ते सांगा. मालक सरळ मनाने म्हणाले होते. माझ्या एका शब्दावर त्या बाईचा हात अडकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या वस्तीवर गेलो. त्या ओट्यावर बसून डाव्या हाताने मेथी निवडत होत्या. सून चुलीशी होती. मी चपला काढायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर धीर गेला असता.

"ताई, तुम्हाला चक्कर आली नव्हती. तिथे तेल होतं. मी सांडलेलं. वर पुठ्ठा टाकला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "सायेब, तुमी लई चांगले हाय. पर माझ्यापायी खोटं नका बोलू."

"खोटं नाही हो. खरंच सांडलं होतं."

"इम्याचे पैसे मिळावेत म्हनून सोताच्या अंगावर घेताय. मला कळत न्हाई व्हय? हितनं पलीकडं शिंगनापुरात बिनदाराची घरं हायेत, सायेब. खोट्यानं पैसा घिऊन म्या त्या देवाम्होरं कशी जाऊ? एक हात गेला, आता दुसरा घालवू?"

सून चहा घेऊन आली. म्हणाली, "आत्याबाई, असा मालक कुनाला मिळतो?"

"मालक न्हाई गं, मॅनेजर," ताई म्हणाल्या. "तरी बग की."

चहात साखर जास्त होती, मुद्दाम घातलेली. मी आयुष्यात क्वचितच इतकं सलग खरं बोललो असेन, आणि त्याचं बक्षीस म्हणून मी देवमाणूस ठरलो. परत निघालो तर त्या वाटेपर्यंत सोडायला आल्या. पुढे दोन दिवस वस्तीवरची माणसं मला रामराम घालत होती. एका म्हाताऱ्याने तर एसटीत जागा दिली. मी बसलो. आता हेही कबूल करतो, की बसलो.

पुरावा मात्र माझ्याकडे होता, मांडणीखाली सारलेला तो पुठ्ठा. त्या मांडणीखाली उंदराचं औषध टाकलंय, कोणी झाडू घालू नका, असं मी नोकरांना बजावून ठेवलं होतं. का बजावलं, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. टाकून द्यायला वाकावं लागलं असतं, आणि वाकलो असतो तर कोणीतरी पाहिलं असतं.

विम्याचा माणूस आला, तरुण, घामाघूम. त्याच्यासमोर ताईंना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "चक्कर आली, सायेब. आमची साडेसाती हाय."

मी फरशीवर पालथा पडलो आणि हात मांडणीखाली घातला. विम्याच्या माणसाला वाटलं मलाही चक्कर आली. पुठ्ठा बाहेर निघाला. काळा पडलेला, धुळीने आणि उंदरांच्या लेंड्यांनी भरलेला, कडेला चिकटलेले पाच-सहा शेंगदाणे. मधोमध एका चपलेची खूण, टाचेपासून सुरू होऊन लांब ओढत गेलेली.

ताईंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग चप्पल काढली, उलटी केली, तळव्याची नक्षी पुठ्ठ्याशेजारी धरली.

"ह्ये हितं हुतं?"

"होय."

"आन् तुमी खाली सारलं."

"पायाने."

"मला उचलायच्या आदी, का मागनं?"

मी म्हणालो, "आधी."

त्या पोत्यावर बसल्या. "म्हंजी म्या इतके शनिवार," एवढंच म्हणाल्या. चप्पल पायात घालून विम्याच्या माणसाकडे वळल्या. "लिवा सायेब. चक्कर न्हाई आली. तेलावरनं घसारले."

तो सायेब माझ्यासाठी नव्हता. पुढेही कधी नव्हता.

मी माझा जबाब लिहून दिला. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांनाही सांगितलं, की चक्कर माझ्या तोंडून आली होती. मालकांनी गल्ला काढून घेतला आणि मला गोदामाकडे बसवलं. तेव्हापासून रामराम घालणारी माणसं एसटीत खिडकीबाहेर बघतात. भरपाई मंजूर झाली, हात उघडून पट्टी बसली. ताई परत कामाला आल्या. मनगट पूर्ण वळत नाही, म्हणून त्या काट्यावर बसतात आणि माल मोजून देतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात, "अवो मॅनेजर" म्हणून. शनिवारचं तेल आमच्याकडून घेत नाहीत. शिंगणापूरला जातात की नाही, ते मी विचारलेलं नाही.

मागच्या शनिवारी पुन्हा तेल सांडलं. मी गोदामातून डबा आणत होतो, झाकण सैल होतं. समोर रांग, गाड्या उभ्या. माझा हात आपोआप खोक्याकडे गेला.

"पुठ्ठा ऱ्हाऊ द्या तितंच," ताई काट्यावरून म्हणाल्या. मग रांगेकडे बघून मोठ्याने, "तेल सांडलंय हितं. कडंकडंनं चला."

मी रांगेकडे बघितलं. एक जण पिशवी उचलून कडेने गेला. त्याच्यामागची बाई नातवाचा हात धरून गेली आणि जाता जाता तेलाला नमस्कार करून गेली. त्यांच्यामागच्याने दोन बाटल्या मागितल्या.

"बगत काय उबं ऱ्हायलात," ताई म्हणाल्या. "भुसा आना."

मी भुसा आणायला गेलो.