बिनजोखमीचे मोदक

लॉकडाऊनमध्ये आमच्या ह्यांना भलताच चेव चढला होता. मध्यवर्ती बँकेच्या कोलकात्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, त्यात देश संकटात. मग काय विचारता! रोज पोह्यांबरोबर अर्थव्यवस्था. एकदा सांगत होते, मध्यवर्ती बँकेनं बँकांना स्वस्तात पैसा दिलाय, त्यातून त्यांनी कंपन्यांचे रोखे विकत घ्यायचे, म्हणजे अडलेल्या कंपन्यांच्या हातात पैसा पडेल. मी विचारलं, मग पडला का? तर म्हणे, बँकांनी सगळ्यात धडधाकट कंपन्यांचेच रोखे उचलले, बुडायची भीती नको म्हणून. आणि हे सांगताना चेहऱ्यावर असं समाधान, जणू मुलीचं लग्न जमवून आलेत.

तेच डोकं त्यांनी आमच्या कोलकात्यातल्या मराठी मंडळात चालवलं. हे खजिनदार. ठरलं असं, की ज्या सभासदांचे धंदे बसलेत, त्यांच्याकडून गणपतीच्या प्रसादाची कुपनं मंडळानं आगाऊ विकत घ्यायची. पैसे आत्ता, मोदक भाद्रपदात. कल्पना छान होती, खोटं कशाला बोलू?

बागबाजारच्या काकूंनी लगेच फोन केला. काकू जन्मापासून इथल्याच. नवरा गेल्यावर भाड्याच्या जागेत स्वयंपाकघर थाटून डबे आणि उकडीचे मोदक करायच्या. पार गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्सपर्यंत त्यांचे मोदक जायचे. इथं वाढलेली आमची पोरं भांडायची बंगालीत, पण काकूंच्या शेवटच्या मोदकावरून. आता ऑर्डरी बंद होत्या आणि घरमालक जागा सोडा म्हणून मागे लागला होता.

कमिटीची सभा मोबाइलवर व्हिडिओ कॉलनं झाली. मी शेजारीच बसून ऐकत होते. ह्यांनी काकूंना विचारलं, तारण काय देणार? काकूंनी बिचाऱ्यांनी मोदकपात्र उचलून दाखवलं. सगळी कमिटी हसली. आणि कुपनं घेतली कुणाची, तर एस्प्लनेडला मोठं मिठाईचं दुकान असलेल्या सभासदाची. त्याची घरपोच विक्री तेव्हा जोरात होती. त्यानं मागितलंही नव्हतं, पण दिलेलं नाकारलंही नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मदत गरजूला करायची ना, म्हटलं.

"ज्याला गरज आहे, त्यालाच पैसे देणं जोखमीचं असतं," हे म्हणाले, आणि चहा मागितला.

गणपती आले. मिठाईवाल्याचे खव्याचे मोदक अगदी वेळेवर, चकचकीत डब्यात आले. ह्यांनी एक कसाबसा खाल्ला, दुसऱ्याला हात लावला नाही. मग म्हणाले, काकूंना फोन कर, आपल्या घरापुरते तरी करून देतील.

काकू श्रावणातच जागा सोडून नागपूरला मुलीकडे गेल्या होत्या. मुलीकडे एक आहे म्हणून स्वतःचं मोदकपात्र मला देऊन गेल्या, तेव्हा मला रडू आवरलं नव्हतं. आता मी ते फडताळातून काढलं आणि ह्यांच्यासमोर ठेवलं.

हे त्याच्याकडे बघत म्हणाले, "इतकी अडचण होती, तर सांगायचं तरी."

"सांगितलं होतं. तुम्ही तारण मागितलंत," मी म्हटलं. "हे घ्या."