न दुखणारा घोटा

कुष्ठरोग्यांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय तपासायचे, हे काम करता करता माझेच गुडघे गेले. मेडशी गावातल्या एका मावशींचा रोग गोळ्यांनी केव्हाच बरा झाला होता. पायाची गेलेली संवेदना मात्र परतली नाही. यंदा कापणीच्या दिवसांत सोयाबीन सोंगताना त्यांचा घोटा सुजला, गरम झाला. पण दुखला नाही, म्हणून त्या अख्खं वावर सोंगूनच मोकळ्या झाल्या. मी पोचले तेव्हा आतली हाडं खचून पाऊल एका बाजूला कललं होतं.

"मावशी, सूज दिसली की पाय टेकवायचा नाही, किती वर्षं सांगतेय मी?" मी ओरडलेच.

"दुखत नाही तं बसून राहू कायले?"

हे उत्तर मला पाठ होतं. त्यांच्या घरात बसायचा हक्क फक्त दुखणाऱ्याला. मी थकून ओट्यावर टेकले, तशी गुडघ्यात कळ आली आणि तोंडातून "आई गं" निघालं.

मावशी लगबगीनं उठल्या.

"तुमचे गुडघे दुखून राह्यले, बाई. तुमी बसा, मी चहा मांडतो."

त्याच घोट्यावर चालत त्या चुलीकडे गेल्या. या वेळी मी ओरडले नाही. बसूनच राहिले.