एक किलोची शिट्टी

गाडी दुरुस्त करताना काका उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "गप. ती बोलतेय." शेडमधले सगळे गप्प व्हायचे. ड्रायव्हर, वेल्डर, मीसुद्धा. ती म्हणजे गाडी. माझ्या घरात माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

फरीदाबादला माझा मालवाहतुकीचा धंदा आहे. नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे इथे आलो आणि इथलेच झालो. माझ्याकडे तेव्हा पाच ट्रक होते, सगळे जुने. पानिपतहून ब्लँकेटं उचलायची आणि इकडच्या गोदामांत टाकायची. माहेरी कशाचाही बोजवारा उडाला की 'पानिपत झालं' म्हणत. माझं पोट पानिपतवरच चालतं.

हे काका साताऱ्याकडचे. सगळी नोकरी फौजेतल्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर गावी न जाता त्यांनी माझ्या यार्डाशेजारी दुरुस्तीची शेड टाकली. ड्रायव्हर त्यांना फौजी चाचा म्हणत, मी काका म्हणे. वयाने पंधरा वर्षांनी मोठे असूनही ते मला ताई म्हणत.

ट्रकच्या पाठीवर 'टर्बो' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा तो एक पंखा असतो, इंजिनात जादा हवा कोंबणारा. हवा वाढली, डिझेल वाढवलं, की ओढ वाढते. किती कोंबायची याची हद्द एका बारीक दांडीवर ठरते. तिचा नट दोन फेरे आवळला की म्हातारी गाडी नवीसारखी पळते. काही दिवस. आमच्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला तो नट माहीत असतो. ते 'काही दिवस' फक्त काका सांगायचे.

आमच्या गाड्यांची हद्द एक किलो दाबाची. हा दाब काका कानाने मोजत. दाब चढला की टर्बोची शिट्टी बारीक होत जाते, आणि एका ठरावीक स्वराला काका म्हणत, "झाला एक किलो. बस." मी एकदा मुद्दाम मीटर लावून पाहिला. काटा एकवर होता. काका मीटरकडे वळलेसुद्धा नाहीत. "त्याला विचारायचं असेल तर त्याला विचारा," म्हणाले. त्यानंतर मीटर कपाटात गेला.

दांडी लावून झाली की नटावर रंगाचा ठिपका द्यायचा, ही फौजेतली सवय. कुणी नट हलवला तर ठिपका तुटतो. त्यासाठी माझी लाल नेलपॉलिश त्यांनी मागून नेली ती कायमचीच. रामवीर नावाचा माझा ड्रायव्हर एकदा नट आवळून आला आणि वरून बायकोची नेलपॉलिश लावून मोकळा झाला.

काकांनी वाकून पाहिलं. "रामवीर, ये तो गुलाबी है."

"धूप में उड़ गया होगा, चाचा."

"घरवाली से पूछूँ?"

रामवीरने निमूटपणे पाना काढला.

त्याची बाजू मला पटत होती, हे मी लपवणार नाही. इकडे डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की ती बाद. माझ्या गाड्यांची तीन-चार वर्षं उरली होती. नव्या घेण्याची ऐपत नव्हती आणि पार्ट्यांना माल वेळेत हवा होता. मी काकांच्या मागे लागले. थोडी ओढ वाढवा, बाकीचे सगळे वाढवतात. ते एकच सांगत, "तिची छाती तेवढी नाही, ताई." दोन वर्षं मी हेच म्हणत होते आणि दोन वर्षं ते हेच सांगत होते.

मग एका ट्रकचा टर्बो बदलला. जुळवाजुळव करायला काका भरलेली गाडी गुरुग्रामच्या रस्त्याला अरवलीच्या चढावर न्यायचे. आमच्या सपाट मुलखात तेवढाच काय तो चढ. त्या दिवशी मला त्याच बाजूला काम होतं, म्हणून मीही केबिनमध्ये बसले. रामवीर चालवत होता. चढ लागला, शिट्टी सुरू झाली. काकांनी गाडी थांबवली, उतरून नट आवळला. पुन्हा चढ. शिट्टी बारीक झाली. काका कान देऊन बसले होते. "अजून नाही," म्हणाले आणि पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा चढलो तेव्हा ती शिट्टी माझ्या दातांत शिरली. रामवीरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. काका म्हणाले, "हां. आता झाला एक किलो."

मला वाटलं, आले एकदाचे वळणावर. दोन वर्षांनी माझं ऐकलं, पण तोंडाने कबूल करायला लाज वाटते म्हातारबांना. मी खूश झाले आणि गप्प बसले.

पाचव्या दिवशी पानिपतहून भरून येताना टर्बो फुटला. त्यातून तेल इंजिनात जायला लागलं. अशा वेळी चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. ते स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं. रामवीरने गाडी कडेला घेतली, पण पेट घेतलेल्या केबिनमधून निघताना त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तो हात पुढे नीट वळलाच नाही. त्याने ट्रक चालवणं सोडलं.

इस्पितळातून आम्ही दोघं परत आलो. काका माझ्या ऑफिसात बसले. पाण्याला हात लावला नाही.

"ताई, तुम्ही शेजारी होतात. आवाज कसा होता? जास्त होता का?"

मी म्हणाले, "नेहमीसारखाच होता."

का म्हणाले? जास्त होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग बोलला का नाहीत. एवढंच कारण. रामवीरला त्यांनी विचारलं नाही. त्या हातासमोर तोंड उघडायची त्यांची हिंमत नव्हती.

"एक किलोलाच फुटला म्हणजे," ते हळूहळू म्हणाले, "मी एक किलो म्हणतो तो एक किलो नाहीच. कधीच नसेल."

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः नट लावून दिलेल्या गाड्या शोधायला निघाले. बल्लभगढ, पलवल, पार पानिपतपर्यंत. गाडी दिसली की उभी करायची, ठिपका फोडायचा, नट सैल करायचा. भरलेल्या गाड्या पुलावर चढेनात. मालक शिव्या देत. एकाने तर त्यांची कॉलर धरली. "बुड्ढा सठिया गया है," असं ड्रायव्हर माझ्यासमोर बोलू लागले. महिन्याभरात शेडमध्ये गाडी येईनाशी झाली.

त्याच सुमाराला यार्डात एक ट्रक मागे येत होता. मागे घेताना वाजतो तो बारीक पीं-पीं आवाज चालू होता. काका पाठ करून उभे होते, हलेनात. मी धावत जाऊन त्यांना ओढलं. "अरे, आली कधी ही?" त्यांनी विचारलं. माझं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं. फक्त बारीक आवाज गेले होते. वर्षानुवर्षं इंजिनांजवळ उभं राहिलं की आधी तेच जातात, हे मला कानाच्या डॉक्टरने नंतर सांगितलं. काकांना न सांगताच मी विचारून आले होते.

तेव्हा सांगता आलं असतं. काका, हिशेब बरोबर होता, फक्त कान गेलाय, मीटर लावा आणि कामाला लागा. पण त्यासाठी मी ऐकलं होतं, हे आधी सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी दिवाळी जाऊ दिली.

शेड विकून ते बायकोला घेऊन निरोपाला आले. बराच वेळ गावाकडच्या गोष्टी झाल्या. उठता उठता म्हणाले, "एकदा वाटलं होतं, कान गेला असेल. गेला असता तर बरं झालं असतं, ताई. म्हातारपणी जातोच. पण तुम्ही होतात म्हणून कळलं. नाहीतर मी कानावरच ढकललं असतं."

मी म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय."

त्यांच्या बायकोचा अधूनमधून फोन येतो. गावात कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला की लोक बोलवायला येतात, पण हे हात लावत नाहीत, दार लावून आत बसतात, असं त्या सांगतात. "तुमचं ऐकतील, ताई, तुम्ही सांगून बघा," म्हणतात.

मी म्हणते, आराम करू द्या त्यांना.